अकरा नंबर ब्रुसाइट नाही

गावच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात, सरपंचांसकट सगळ्या गावाच्या देखत, मी माझं स्वतःचं नख मोडून घेतलं. तेव्हा मी पालघरच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो आणि गावातून तिथवर पोचलेला पहिलाच असल्यामुळे हेडमास्तरांनी मला 'तज्ज्ञ' म्हणून बोलावलं होतं. तज्ज्ञानं बाबांनी खदानीतून आणलेला एक पांढरा चकचकीत खडा आईच्या जुन्या मखमली ब्लाउजच्या तुकड्यावर मांडला होता आणि पुढ्यात स्केचपेननं चिठ्ठी लिहिली होती : 'ब्रुसाइट. मॅग्नेशियमचे हायड्रॉक्साइड. आपल्याच गावात सापडते.' भाषण जोरात चाललं होतं. "हे खनिज इतकं मऊ असतं," मी म्हणालो, "की साध्या नखानंही त्याच्यावर ओरखडा उठतो," आणि अंगठ्याचं नख टेकवून ओढलं. काही उठलं नाही. पुन्हा ओढलं. मग जोर लावून ओढलं, तेव्हा नख उभं फाटलं आणि मखमलीवर रक्ताचा थेंब पडला. पहिल्या रांगेतल्या पोरांना वाटलं प्रयोग असाच असतो. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मागून बाबांचा आवाज आला, "आरं, साबणाची वडी हाय काय ती? रोज आमच्या हाताला कापतात ते खडे, आनि तू नख लावतंस?" सगळी शाळा हसली. हेडमास्तरांनी आभार मानताना शास्त्रासाठी रक्त सांडणारा आपला माजी विद्यार्थी असा माझा उल्लेख केला. घरी आईनं अंगठ्याला हळद लावून चिंधी बांधली आणि विचारलं, "ब्लाउजचा डाग निघंल का, त्ये सांग." 

आमचं घर बोईसरच्या पूर्वेला, जिथे कारखान्यांचे भोंगे ऐकू येतात पण धूर पोचत नाही अशा अंतरावर, डोंगराच्या अंगाला होतं. बाबा खदानीत सुरुंगाची भोकं पाडायचे. दुपारी बाराच्या सुमाराला सुरुंग उडायचे आणि आमच्या मांडणीवरची भांडी एकदम किणकिणायची. आई त्या किणकिणण्यावर भात उतरवायची; तिला घड्याळ लागायचं नाही. रविवारी सुरुंग नसायचे म्हणून रविवारचा भात हमखास करपायचा. खडी फोडायच्या क्रशरची घरघर सकाळपासून इतकी सवयीची झाली होती, की ती थांबली की आम्ही सगळे माना वर करून बघायचो, काय झालं म्हणून. वाळत घातलेल्या कपड्यांवर, तुळशीवर, पत्र्यावर वाळणाऱ्या सुकटीवर राखाडी पूड बसायची. आई सुकट तीन पाण्यानं धुवायची आणि तरी ती तांदळाच्या भाकरीबरोबर दाताखाली करकरायची. आजही हॉटेलात कोणी जवळ्याची चटणी वाढली आणि ती करकरली नाही, की मला ती अळणी लागते. बायको म्हणते ही तक्रार वेटरला सांगू नकोस.

काळा दगड फुटला की त्याच्या आत कधी कधी पोकळी निघायची आणि पोकळीत पांढरे, हिरवट, काचेसारखे खडे उगवलेले असायचे. बाबा त्यातले बरे दिसणारे डब्याच्या पिशवीतून आणायचे. एक लोणच्याच्या बरणीवर दाब म्हणून होता, दोन तुळशीपाशी होते, एक दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून उंबऱ्याला लावलेला. आम्ही त्यांना 'काचा' म्हणायचो. त्यांना काही नाव असेल हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मी कॉलेजात भूगर्भशास्त्र घेतलं, आणि विभागातल्या काचेच्या कपाटात अकरा नंबरच्या खणात अगदी आमच्या दाराला लावलेल्या खड्यासारखा खडा पाहिला, त्याच्याखाली जांभळ्या शाईत 'ब्रुसाइट, पालघर परिसर' असं लिहिलेलं पाहिलं, तेव्हा मला छातीत काहीतरी फुगल्यासारखं झालं होतं. आमच्या लोणच्यावरच्या दगडाला नाव होतं! तेही इतकं परदेशी!

त्या कपाटाची एक रीत होती. प्रात्यक्षिक परीक्षेत कपाटातलेच वीस नमुने टेबलांवर मांडत. प्रत्येकासमोर दोन मिनिटं उभं राहायचं, घंटा वाजली की पुढे सरकायचं, आणि कागदावर नाव नि कारणं लिहायची. नावाच्या चिठ्ठ्या त्या दिवशी काढून ठेवत, पण दगडावर रंगवलेले नंबर तसेच असत. त्यामुळे दगड ओळखायची कोणाला गरजच नव्हती. वरच्या वर्गातली मुलं खालच्या वर्गाला नंबरांची यादी देत. एक, कॅल्साइट. दोन, क्वार्ट्झ. अकरा, ब्रुसाइट. आमच्या वर्षी ही यादी हेमाच्या अक्षरात होती. हेमा केळव्याची, तिची आई मासळी विकायची आणि तिचं अक्षर असं होतं की यादीच्या झेरॉक्स मुलं घडी न घालता वहीत ठेवत. टेबलावर तांब्याची तार, सुरी, भिंग, विरल आम्लाची बाटली हे सगळं साहित्य दरवर्षी मांडलेलं असे आणि दरवर्षी जसंच्या तसं परत आत जात असे. बाटलीचं बूच इतकं घट्ट बसलं होतं की ते कोणी उघडत नाही हे बुचालाही माहीत असावं.

नख मोडल्यावर मात्र मला चैन पडेना. लाज वाटली हे खरं, पण लाजेपेक्षा राग जास्त होता, आणि राग कोणावर हे कळत नव्हतं. ग्रंथालयात एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं, ज्याची पानं शेवटची कोणी उघडली असतील तर ती वाळवीनं. ते मी घरी आणलं आणि ओसरीवर बसून एकेक ओळ जुळवत ब्रुसाइटचं प्रकरण वाचलं. आई शेजारी सालपापड्या काढत होती. वाफवलेल्या तांदळाच्या पिठाच्या त्या पातळ पापड्या पानावरून सोलून ती एकावर एक ठेवत होती, आणि त्या ढिगाकडे बघता बघता मला ब्रुसाइट समजलं. मॅग्नेशियमचा एकेक अणू, त्याच्या भोवती हायड्रॉक्सिलचे सहा गट, तीन वर, तीन खाली. असे अणू शेजारी शेजारी बसून एक सपाट थर होतो, आणि त्या थरात सगळ्यांची एकमेकांवर घट्ट पकड असते. पण थरावर थर नुसता टेकलेला. वरच्या थराचे हायड्रोजन आणि खालच्या थराचे हायड्रोजन समोरासमोर येतात आणि त्यांच्यात धरून ठेवण्यासारखं फारसं काही नसतं. म्हणून ब्रुसाइट एकाच दिशेला, पापडीसारखं, अलगद सुटतं. सुटलेला पृष्ठभाग मोत्यासारखा चमकतो. पातळ पापुद्रा वाकतो, पण सोडला की पुन्हा सरळ होत नाही. नखानं जेमतेम ओरखडा उठतो, तांब्यानं नक्की उठतो. आणि आम्लात टाकला तर फसफस न होता गुपचूप विरघळून जातो.

"आनि सापडतं कुठं?" बाबांनी विचारलं. ते जेवून भिंतीला टेकले होते. मी वाचून सांगितलं. मॅग्नेशियमनं भरलेले खोलातले दगड पाण्याशी मिळून हिरवट, सापाच्या कातडीसारखे होतात, त्यांच्या शिरांमध्ये. नाहीतर मॅग्नेशियमवाला चुनखडक तापलेल्या दगडाजवळ भाजून निघतो आणि मग त्याला पाणी लागतं, तेव्हा त्या संगमरवरात. बाबांनी डोळे मिटूनच विचारलं, "आपल्याकडं संगमरवर कुठं हाय?" नव्हता. आपल्याकडे ज्वालामुखीचा काळा दगड, त्यात वाफेनं राहिलेली भोकं, आणि भोकांत मागाहून पाण्यानं भरलेले खडे. त्या खड्यांचं प्रकरण पुस्तकात वेगळं होतं, शंभर पानं पुढे. तिथे एक नाव होतं, ॲपोफिलाइट. तोही एका दिशेला सुटतो, त्याचाही सुटलेला पृष्ठभाग मोत्यासारखा चमकतो. पण नखाला, तांब्याला तो दाद देत नाही. पुस्तकात त्याचं चित्र होतं. बाबांनी एक डोळा उघडून चित्र पाहिलं. "ही आपल्या दाराची काच," ते म्हणाले आणि पुन्हा डोळा मिटला. त्यांना वाचता येत नव्हतं.

(इथे एक गोष्ट सांगून टाकतो, नाहीतर राहील. ब्रुसाइट आपल्याकडे नाही हे सिद्ध करायला मी जवानी खर्ची घातली, आणि पुढे तारापूरच्या ज्या कारखान्यात तीस वर्षं नोकरी केली तिथे पिंपंच्या पिंपं मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड तयार होत होतं. रसायन तेच, थरही तसेच. फक्त निसर्गाऐवजी शिफ्टमधले कामगार बनवायचे. रोज त्याचे नमुने तपासून मी घरी यायचो आणि पित्तावर त्याचंच दूध, म्हणजे मिल्क ऑफ मॅग्नेशिया, पिऊन झोपायचो. खऱ्या ब्रुसाइटचा खडा, खनिज म्हणून, मी पन्नाशीनंतर मुंबईच्या एका प्रदर्शनात पाहिला, बलुचिस्तानकडचा, लिंबासारखा पिवळा. काचेपलीकडे होता. नख लावू दिलं नाही.)

दुसऱ्या दिवशी मी दाराचा खडा पिशवीत घालून ठोसर सरांकडे गेलो. सर विभागप्रमुख होते, पांढरी विजार, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. मला खरंच वाटत होतं की ते पाठ थोपटतील. मी सांगितलं, सर, अकरा नंबर ब्रुसाइट नाही. सरांनी चष्मा काढला.

"काय नाही?"

"ब्रुसाइट नाही सर. ॲपोफिलाइट आहे. आमच्या खदानीत टोपलीभर निघतो. कपाट उघडून तांब्याची तार लावून बघितली तर..."

"कपाटाला हात लावायचा नाही." सर शांतपणे बोलले. "ती चिठ्ठी कोणी लिहिलीय ठाऊक आहे? माझ्या गुरूंनी. हा विभाग त्यांनी उभा केला, सायकलवरून डोंगर पालथे घालून. तुझा जन्मही झाला नव्हता."

"गुरूंची चूक होऊ शकत नाही का सर?"

हे वाक्य मी का बोललो मला माहीत नाही. आजही मी असा बोलत नाही; घरी तर मुळीच नाही. सरांचा चेहरा लाल झाला. "तुझे वडील खदानीत दगड फोडतात ना? फोडू देत त्यांना. दगड फोडणं वेगळं आणि दगड ओळखणं वेगळं. परीक्षेला अकरा नंबरवर काय लिहायचं ते तुला माहीत आहे. बाकी मार्क माझ्या हातात आहेत, हेही माहीत असू दे."

मी पिशवी उचलून बाहेर आलो. तोवर मला अकरा नंबर चुकीचा आहे एवढंच वाटत होतं. आता मला तो बरोबर करायचाच होता. बाबांचे हात माझ्या डोळ्यांसमोर होते, त्या खड्यांनी कापलेले. त्या हातांना खडा ओळखता येत नाही, असं एक पांढरा शर्ट म्हणत होता.

हेमानं सगळं ऐकून घेतलं आणि कॅन्टीनच्या बाकावर पर्स आपटली. "तुला कोणी सांगितलं शानपन करायला? पास होशील तर तारापूरच्या कारखान्याच्या लॅबमधी जागा हाय, कारखानावाल्यांनी तुला सांगितलंय ना? माझं पण नाव हाय त्यात. नापास झालास तर काय करशील?"

"खदानीत जाईन."

"जा. मग तिथं दगडाला पायजेल ती नावं ठेव." तिनं वहीतून यादी काढली आणि अकरा नंबरवर बोट ठेवलं. "ब्रू-सा-इट. चार अक्षरं हायत. ल्ह्यायला किती वेळ लागतो?"

लागत नाही. मी घरी येऊन पाटीवर लिहून बघितलं. खरंच लागत नाही. परीक्षेच्या आदल्या दिवसापर्यंत मी ठरवलं होतं की मुकाट्यानं ब्रुसाइट लिहायचं, लॅबमध्ये लागायचं, आणि बाबांची भोकं पाडायची मशीन सोडवायची. बाबांना दगडाच्या पुडीनं खोकला लागला होता. सकाळी तोंड धुताना ते इतका वेळ खोकायचे की आई चूल सोडून दारात येऊन उभी राहायची. त्या खोकल्यासमोर एक खोटा शब्द म्हणजे काय मोठी गोष्ट होती? असं मी स्वतःला समजावलं, आणि ते मला पटलंही होतं. आता हे लिहिताना मी मोठा वीर होतो असं दाखवायचा मोह होतो. पण पटलं होतं.

परीक्षेला बाहेरच्या परीक्षक म्हणून एक वयस्कर बाई आल्या होत्या, पायात कॅनव्हासचे बूट. मुलं रांगेनं टेबलांपुढून सरकत होती. माझ्या मागे हेमा होती. दहा नंबरपर्यंत मी यादीप्रमाणे लिहीत आलो. घंटा झाली, मी अकराशी आलो आणि सवयीनं खडा हातात घेतला. त्याची सुटलेली बाजू उजेडात चमकली, आणि कडेनं तर्जनी कापली. अगदी बारीक. बाबा जसं सांगायचे तसंच.

मी खडा खाली ठेवला. तांब्याची तार उचलली. पृष्ठभागावर ओढली, ओरखडा नाही, तारेचीच तांबूस रेघ उमटली. सुरी ओढली, आता कुठे बारीक ओरखडा आला. भिंगातून बघितलं. मग कडेची एक कपची सुरीनं सोडवली, काचेच्या बशीत टाकली आणि आम्लाच्या बाटलीचं बूच पिरगाळायला लागलो. घंटा झाली. बूच निघेना. मागून हेमा पुटपुटली, "सरक ना पुढं!" मी दातांनी बूच काढलं. थेंब टाकले आणि वाट बघत उभा राहिलो. घंटा झाली. हेमा मला ओलांडून बाराव्याकडे गेली, जाताना कोपरानं ढोसून. मागची मुलं बाजूनं जायला लागली. कपची बशीत तशीच होती. पुन्हा घंटा झाली. ब्रुसाइट असतं तर एव्हाना विरघळायला लागलं असतं.

"काय चाललंय?" सर आले.

"तपासतोय सर."

"अकरा नंबरवर? पुढे हो."

"कपची विरघळत नाही सर. बघा ना."

"पुढे हो म्हटलं!"

तेव्हा मी जे बोललो ते मला अजून शब्दाशब्दानं आठवतं, कारण आयुष्यात इतक्या मोठ्यानं मी दुसऱ्यांदा बोललेलो नाही. "ही तार, ही सुरी, हे आम्ल कशासाठी मांडलंय सर? शोभेला? दगड खरा धरायचा की चिठ्ठी?"

हॉलमध्ये सगळ्यांच्या पेन्सिली थांबल्या. परीक्षक बाई कॅनव्हासच्या बुटांनी आवाज न करता आल्या. त्यांनी खडा उचलला, गळ्यातल्या भिंगातून बघितला, बशीतली कपची बघितली, माझ्या दातांत अडकलेला बुचाचा तुकडाही बघितला. माझा कागद वाचला. 'ॲपोफिलाइट. ब्रुसाइट नाही. कारणे :' आणि खाली सात ओळी. त्यांनी माझ्याकडे आणि मग सरांकडे पाहिलं. "वेळ पाळा," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. त्या खुशीत होत्या की नाराज, हे मला समजलं नाही. माझ्या कागदावर बारा, तेरा आणि चौदा कोरे होते.

मी प्रात्यक्षिकात नापास झालो. कोरे तीन नमुने माझ्याच मूर्खपणाचे होते. बाकीचे मार्क कुठे गेले, कोणी कापले, हे मला आजवर कळलेलं नाही आणि मी कोणावर आळ घेणार नाही. हेमा पहिल्या वर्गात पास झाली. तारापूरच्या लॅबमध्ये तिला घेतलं. निकाल घेऊन मी रात्री घरी पोचलो तेव्हा ताटं मांडलेली होती. मी दारातच सांगितलं. आईनं पळी खाली ठेवली.

बाबांनी विचारलं, "त्या अकरा नंबरावर तू काय लिवलंस?"

"ॲपोफिलाइट."

"म्हंजी आपल्या दाराची काच?"

"हो."

"खरं हाय ना त्ये?"

"हो."

"मग जेव."

आई मात्र ऐकणारी नव्हती. "खरं लिवून नापास व्हायला कालेजात कशाला जायला पायजेल हुतं?" ती भात वाढता वाढता म्हणाली. "त्ये घरी बसून पन झालं असतं." पण त्या दिवशी तिनं मला तळलेला बोंबील एक जास्त वाढला, आणि मागितला नसताना वाढला.

ऑक्टोबरच्या फेरपरीक्षेपर्यंत मी खदानीत गेलो. बाबा नको म्हणत होते. त्यांनी आयुष्यभर मला त्या पुडीपासून लांब ठेवलं होतं. मी ऐकलं नाही. तेव्हा मी कोणाचंच ऐकत नव्हतो. मला भोकं पाडायला न देता त्यांनी मुकादमाला सांगून खडीच्या ट्रकांची नोंद करायला बसवलं. क्रशरवरचे कामगार मला "ए कालेजवाले" म्हणून हाक मारायचे. त्यांच्यातला एक रोज एखादा खडा आणून माझ्यापुढे ठेवायचा, "इसका नाम बता." पहिल्या आठवड्यात तो हसायचा. मग मी तार लावून, सुरी लावून नाव सांगायला लागलो, आणि महिन्याभरात पाचसहा जण डब्याच्या सुट्टीत तार घेऊन बसायला लागले. पंख्यासारखा पसरणारा स्टिल्बाइट, चौकोनी ठोकळ्यासारखा ॲपोफिलाइट. मुकादम ओरडायचा की ही खडीची खदान आहे, शाळा नाही. पण तोही एकदा हळूच खिशातून एक खडा काढून, "ह्यो कंचा?" म्हणून गेला. सहा महिन्यांत त्या डोंगरातून शेकडो पोकळ्या निघाल्या. ब्रुसाइट एकही निघालं नाही. मी रोज बघत होतो. निघालं असतं तर मी सरांच्या पाया पडलो असतो. ही माझी तयारी होती, आणि तीच माझी मिजासही होती.

ऑक्टोबरला फेरपरीक्षेला आम्ही चारच जण होतो. या वेळी परीक्षक दुसरे होते, आणि ते सारखे घड्याळ बघत होते. टेबलांवर वीस नमुने. मला वाटलं होतं अकरा नंबर कपाटात ठेवला असेल, भांडण नको म्हणून. नव्हता. होता टेबलावर. बाजूला आम्लाची बाटली, आणि बूच नवीन. मी तार ओढली, सुरी ओढली, लिहिलं, घंटेआधी पुढे सरकलो. बारा, तेरा, चौदा लिहिले. विसावा झाल्यावर ठोसर सर माझ्याजवळ आले आणि कागद मागितला. अकरावर त्यांची नजर थांबली.

"पुन्हा तेच लिहिलंस."

"हो सर."

"गेल्या वेळी काय झालं ते माहीत असून?"

"माहीत असून सर."

"आता पुन्हा नापास झालास तर?"

"मार्चला येईन. तेव्हाही तेच लिहीन."

सरांनी खिशाचं पेन काढलं आणि पुन्हा खिशाला लावलं. मग म्हणाले, "वडील बरे आहेत?" मी म्हटलं खोकला आहे. त्यांनी मान हलवली आणि कागद गठ्ठ्यात ठेवला, उलटा. मी पास झालो. सरांनी चिठ्ठी काही बदलली नाही. गुरूंची ती जांभळी अक्षरं त्यांना शेवटपर्यंत खोडवली नसावीत. पण सर निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी मी कॉलेजात गेलो होतो, तेव्हा त्या चिठ्ठीखाली एक लहान चिठ्ठी होती, निळ्या शाईत, सरांच्या अक्षरात : 'विद्यार्थ्यांनी स्वतः तपासून पाहावे.' मला त्या निळ्या शाईचा राग आला नाही. पांढऱ्या शर्टाचा अजून येतो.

निकालाच्या दिवशी मी बोईसरला, तारापूर वसाहतीतल्या त्या कारखान्याच्या फाटकाबाहेर उभा राहिलो. पहिली शिफ्ट सुटली, हिंदी-मराठी-गुजराती असा गलका रस्त्यावर आला आणि त्यातून हेमा आली. अंगावर लॅबचा पांढरा कोट, हातावर रसायनाचे डाग. सहा महिने आम्ही बोललो नव्हतो. मी पास झाल्याचं सांगितलं.

"अकराला काय लिवलंस?"

"तेच."

ती रस्त्यातच थांबली. मागची माणसं आम्हाला चुकवून जायला लागली. "मला पन माहीत हुतं," ती म्हणाली. "त्या दिवशी तुझ्या मागं हुते ना मी. बशीतली कपची मी पन बघितली. विरघळली नाय. तरी मी ब्रुसाइटच लिवलं, सरळ अक्षरात." मग ती म्हणाली, "आयेला मच्छीची पाटी उचलवत नाय आता. मला पास व्हायचंच हुतं."

मी म्हटलं, मी काही तुला विचारत नाही. ती म्हणाली, तू विचारत नाहीस हेच वाईट आहे. मग आम्ही टपरीवर चहा घेतला, आणि चहा संपता संपता मी तिला जे विचारायचं ते विचारून टाकलं. तेही चुकीच्या जागी, चुकीच्या वेळी, टपरीवाला कप मागत असताना. तिनं कप परत दिला, पदराच्या टोकानं हातावरचा डाग पुसायचा प्रयत्न केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुला अक्कल बिलकूल नाय. असू दे. माझ्याकडं हाय ती दोघांना पुरंल. हट्ट तेवढा तू सांभाळ, त्यो मला जमत नाय."